मी डावीकडे उभा होतो

प्रिय पेन्सिल,

अक्षर ओळखलं असशीलच. वर्गात एवढं गिचमिड दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ओळखून कागद परत पाकिटात सारावासा वाटला असेल तर तुला दोष देणार नाही, पण हात जोडतो, या वेळी शेवटपर्यंत वाच. मला तुझ्याकडे एक मागायचंय आणि ते माझ्यासाठी नाही. ते तुझ्या डोळ्यांबद्दल आहे. थांब, लगेच भुवया चढवू नकोस. मागे एकदा तुझ्या डोळ्यांवर लिहिलं होतं त्याचं काय झालं ते मी विसरलेलो नाही. ही कविता नाही, शपथ. पण जे सांगायचंय ते एका ओळीत लिहिलं तर तू म्हणशील, भडकू पुन्हा भडकला, आणि कागदाचा बोळा करशील. म्हणून जरा वळसा घालून येतो. आज रविवार आहे, सगळी इमारत रिकामी आहे आणि माझ्याकडे अख्खी दुपार आहे.

कॉलेज सोडल्यावर मी काय केलं हे तू कुणाला विचारलं नसशील, तरी सांगतो. काही केलं नाही. आठ महिने घरात बसून भांडलो. आईशी, बाबांशी, पंख्याशी. बाबांचं आणि माझं बोलणं 'जेवायला ये' आणि 'येतो' एवढ्यावर आलं, तेही आईमार्फत. शेवटी एक दिवस मामा आला, त्यानं माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाला, ताई, याला मी नेतो, नाहीतर हा घरातल्या एकेका भांड्याला पोचे आणील. मामा डोळ्यांच्या इस्पितळात जुने कागद सांभाळतो. तळमजल्यावर मागच्या बाजूला त्याची खोली आहे, चारी भिंतींना लोखंडी कपाटं, कपाटांना अक्षरं, आणि वर छताला लागून एक झरोका. सकाळी त्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आत येते आणि दिवसभर कपाटांवरून सरकत राहते. मामाला घड्याळ लागत नाही. ऊन 'प'वर आलं, चहा सांग, असं म्हणतो. सुरुवातीला मी दिवसचे दिवस नुसता त्या पट्टीतली धूळ बघत बसायचो. तू एकदा मला पाण्याच्या थेंबातले जीव दाखवले होतेस ना, तशी ती धूळ चालते. कुठे जायचंय ते ठाऊक नसल्यासारखी, पण घाई अजिबात नसल्यासारखी. मी तिच्याकडे बघत तुझ्याशी बोलायचो. मामानं एकदा विचारलं, काय रे, ओठ कुणासाठी हलतात? मी म्हणालो, पाढे म्हणतोय.

मग एक दिवस मोठ्या मॅडम खाली आल्या. त्या इथल्या सगळ्यांत जुन्या डॉक्टर, उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण त्या खोलीत आल्या की कपाटंसुद्धा जरा सरळ उभी राहतात. त्यांना वीस-बावीस वर्षांपूर्वीची कार्डं हवी होती. त्या काळात त्यांनी तान्ह्या बाळांची ऑपरेशनं केली होती, चौसष्ट बाळांची. जन्मतःच काचबिंदू असलेली बाळं. आता ती सगळी मोठी झाली असणार, त्यातली कोण कुठे आहेत आणि कुणाला किती दिसतं, हे त्यांना शोधून काढायचं होतं. दारोदार जाऊन एकेकाला परत तपासायला आणायचं. त्यांना पायी हिंडणारा माणूस हवा होता. मामा म्हणाला, हा आहे, याला एका जागी बसवत नाही.

काचबिंदू म्हणजे म्हाताऱ्यांचं दुखणं, एवढंच मला माहीत होतं. माझ्या आजोबांना होता. पण आईच्या पोटातूनच तो घेऊन येणारी बाळं असतात, हे मला मॅडमनी समजावलं, चहाचा कप पुढ्यात ठेवून. डोळ्यात सतत थोडं पाणी तयार होतं आणि एका बारीक वाटेनं ते निघून जातं. काही बाळांमध्ये ती वाटच नीट उघडलेली नसते. पाणी आत साचतं, दाब वाढतो, आणि बाळाचा डोळा मऊ असतो म्हणून तो आतून हळूहळू फुगतो. मोठा होतो. घरचे खूश होतात. बाळाला उजेड सोसत नाही, ते आईच्या खांद्यात तोंड लपवतं, तेव्हा सगळे म्हणतात, लाजतंय बघा. डोळ्यांतून पाणी येतं, तेव्हा म्हणतात, दात येत असतील. मग कधीतरी बुबुळावर धुकं दिसायला लागतं आणि मग कुठे पळापळ. वेळेत ऑपरेशन करून ती वाट मोकळी केली तर दाब उतरतो. पण डोळा, मॅडम म्हणाल्या, विसरत नाही. दहा वर्षं, पंधरा वर्षं सगळं ठीक चालतं, सगळे निर्धास्त होतात, आणि एखाद्याचा दाब गुपचूप पुन्हा वर जातो. दुखत नाही, खुपत नाही. म्हणून जन्मभर तपासत राहायचं. आणि नेमकं तेच कुणी करत नाही.

तर गेलं वर्षभर मी हेच काम करतो. सकाळी पाच-सहा पत्ते घेऊन निघतो आणि दारं वाजवतो. मॅडमचा नियम आहे, आधी माणसाची चौकशी करायची, डोळ्यांवर नंतर यायचं. तुला हसू येईल, पण मला लोकांशी गोड बोलता येतं आता. थोडंफार. पहिला सापडला तो घड्याळवाला. जिन्याखालच्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसलेला. मी इस्पितळाचं नाव काढताच म्हणाला, अहो, मी दर वर्षी न चुकता येतो, तुमच्या कपाटात मलाच हरवून ठेवलंय का? खरंच, त्याचे कागद चुकीच्या खणात होते. त्याला चांगलं दिसतं. जाड चष्मा आहे, पण केसाएवढ्या स्प्रिंगा चिमट्यात धरतो. असे बरेच आहेत, हे तुला मुद्दाम सांगतो. निम्म्याहून जास्त लोक चष्मा लावून छान जगतात, शिकतात, लग्न करतात, भांडतात.

आणि मग कारखान्याच्या टेलिफोनवर बसणारा. आम्ही त्याला दादा म्हणतो. मी दारात पोचायच्या आत तो आतून म्हणाला, जिन्यात दोनदा थांबलात, वाईट बातमी आणलीय की गुडघे दुखतात? त्याला काही दिसत नाही. ऑपरेशन चांगलं झालं होतं, शाळेत तो पहिल्या पाचांत असायचा. चौदाव्या वर्षी घर बदललं, नव्या गावात इस्पितळ लांब, डोळे तर ठणठणीत, म्हणून जाणं राहून गेलं. मी त्याला विचारलं, तेही मूर्खासारखं, की कमी दिसायला लागलं तेव्हा तुला कळलं कसं नाही? तो रागावला नाही. म्हणाला, तुझ्या डोक्याच्या मागे काय आहे ते तुला दिसतं का? नाही ना. मग तिथे काळोख आहे असं वाटतं का? तसंही वाटत नाही. तिथे काही नसतंच. माझं जग असंच कडेकडेनं नसत गेलं रे. मी आपला समोरचं बघत होतो आणि समोरचं अगदी स्वच्छ होतं. त्याच्याकडून निघालो आणि रस्त्यानं चालताना मी सारखा मान वळवून बघत होतो, माझ्या कडा जागेवर आहेत का.

आता ती गोष्ट सांगतो जिच्यामुळे माझं डोकं ताळ्यावर आलं. एका घरी गेलो, तिथली सून लहानपणी ऑपरेशन झालेली. तिची तपासणी ठरवली आणि उठणार, एवढ्यात सासूबाई नातीला घेऊन बाहेर आल्या. पाच महिन्यांची पोर. त्या कौतुकानं म्हणाल्या, बघा तरी डोळे कसे टपोरे, आईवर गेलीय. पोर खिडकीकडे पाठ फिरवून आजीच्या मानेत तोंड खुपसत होती. मला काय झालं कोण जाणे. मॅडमचा नियम गेला उडत. मी ओरडलो, टपोरे नाहीत हो ते, पाणी साचलंय त्यांत, उचला आणि चला. सासूबाईंनी मला घराबाहेर काढलं आणि थेट इस्पितळात तक्रार केली. मॅडमनी मला समोर उभं करून अर्धा तास झाडलं. पण तक्रार करायला त्या आल्या त्या नातीला कडेवर घेऊन आल्या होत्या. मॅडमनी झाडता झाडताच बाळाकडे पाहिलं. तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं. आता ती पोर खिडकीकडे तोंड करून झोपते म्हणे.

त्या झाडाझडतीनंतर मी इस्पितळाच्या मागच्या अंगणात जाऊन बसलो. मला ना सासूबाई आठवत होत्या ना मॅडम. मला फक्त 'टपोरे' हा शब्द ऐकू येत होता. माझाच होता तो. सोळा ओळींच्या त्या कवितेत दुसऱ्याच ओळीत होता. तुझ्या जर्नलमध्ये सरकवली होती मी ती, आणि दुसऱ्या दिवशी तू कागद परत दिलास, खाली एकच वाक्य लिहून. माझ्या डोळ्यांवर पुन्हा लिहू नकोस. मला वाटलं, पोरगी मानी आहे. आठवडाभर फुगून बसलो. मग तूच येऊन म्हणालीस, भडकू, बाकी यमकं बरी होती, आणि हसलीस, आणि मी सगळं विसरलो. त्या अंगणात बसून मला एकेक गोष्ट आठवायला लागली. स्वप्नात कशी एक खोली उघडली की पुढची आपोआप उघडते, तशी. तू नेहमी बाकाच्या डाव्या टोकाला बसायचीस, सगळा वर्ग तुझ्या उजव्या हाताला. मला वाटायचं, खिडकी आवडते म्हणून. मायक्रोस्कोपमध्ये बघताना आम्ही सगळे एक डोळा गच्च मिटून तोंडं वेडीवाकडी करायचो, आणि तू दोन्ही डोळे उघडे ठेवून पानाच्या शिरा काढत बसायचीस. सर म्हणायचे, हिच्याकडून शिका, दुसरा डोळा मिटायचा नसतो, विसरायचा असतो. मी पंधरा दिवस सराव केला. मला काही तो विसरता आला नाही.

तसाच उठलो आणि मामाच्या खोलीत गेलो. न सापडलेल्या सात जणांची कार्डं टेबलावर पडली होती. तुला एक सांगायला हवं, ही बाळं इतकी लहान असताना येतात की पुष्कळदा त्यांना नाव ठेवलेलं नसतं. पहिल्या पानावर फक्त आईचं नाव आणि 'मुलगी, तीन महिने' असं असतं. मी नेहमी पहिल्याच पानावरून पत्ता घ्यायचो आणि छापील पत्र धाडून द्यायचो. त्यातल्या एका बाईंना मी दोनदा पत्र पाठवलं होतं, दोन्ही वेळा 'पत्ता बदलला' म्हणून परत आलं होतं. त्या दिवशी मी ते कार्ड पहिल्यांदा उलटलं. सहाव्या वर्षापासून आत मुलीचं नाव होतं. तुझं. संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. ऊन तेव्हा 'स'वर होतं आणि मामा काहीतरी बोलत होता, पण मला पाण्याखालून ऐकू आल्यासारखं येत होतं. पेन्सिल, मी तुझ्या आईला दोनदा पत्र लिहिलं आणि मला कळलंसुद्धा नाही.

मी ते कार्ड वाचलं. माझ्या कामाचा भाग होता तो, तरी चोरी केल्यासारखं वाटलं, तेव्हा काय वाचलं ते तुला सांगून टाकतो. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, डाव्याचं नंतर आणखी दोनदा. डाव्या डोळ्याला हातभर अंतरावरची बोटं मोजता येतात, तेवढंच. उजवा उत्तम. बाराव्या वर्षापर्यंत दर सहा महिन्यांनी नोंद आहे, आणि त्यानंतर कोरा कागद. त्याच वर्षी तुम्ही घर बदललंत, हो ना? पुढचं मी ओळखू शकतो. डावा होता तसाच होता, उजव्यानं तू वर्गात पहिली येत होतीस, मग कशाला पुन्हा तो विषय. घरात कुणीतरी म्हणालंही असेल की चार लोकांत वाच्यता नको, पोरीचं पुढे जमवायचंय. मी यात तुझ्या आईला बोल लावत नाही. वर्षभर दारं वाजवल्यावर मला एवढं कळलंय की ज्या आईनं तीन महिन्यांचं बाळ भूल द्यायला दुसऱ्याच्या हातात दिलेलं असतं, तिला ते दार पुन्हा बघायला नको वाटतं.

इथपर्यंत वाचलंस तर आता वाचनालयाच्या पायऱ्यांबद्दल बोलायची वेळ आलीय. मी हा विषय आयुष्यात काढणार नव्हतो. तुझ्या मैत्रिणीकरवी मी चिठ्ठी पाठवली होती, आठवतं? शुक्रवारी दुपारी मी पायऱ्यांवर उभा असेन. काही बोलू नकोस. जाता जाता माझ्याकडे एकदा बघितलंस तर मी 'हो' समजेन, नाही बघितलंस तर 'नाही', आणि पुन्हा त्रास देणार नाही. किती हुशार वाटलो होतो मी स्वतःला! कुणालाही नकार तोंडानं द्यावा लागू नये अशी सोय. तर मी उभा होतो. खालून तिसऱ्या पायरीवर, उतरताना तुझ्या डाव्या अंगाला, दोन हातांवर. तू सगळ्यांच्या नंतर बाहेर आलीस. उजव्या हातानं कठडा धरून एकेक पायरी उतरलीस, इतकी सावकाश की मला वाटलं दुपारच थांबलीय. उन्हात तुझ्या केसांतली पेन्सिल चमकत होती. मी श्वास धरून उभा, आणि तू सरळ समोर बघत माझ्या शेजारून निघून गेलीस. पापणी हलली नाही. खाली पोचलीस, शेवटच्या पायरीवर थांबलीस, उजवीकडे फाटकापर्यंत बघितलंस, पुन्हा बघितलंस. शंभर आकडे मोजून व्हावेत इतका वेळ तू तिथे उभी होतीस. मग अंबाड्यातली पेन्सिल काढलीस, परत खोचलीस आणि चालायला लागलीस. मी तुझ्या पाठीमागे दोन पायऱ्या वर होतो. हाक मारली असती तर काय बिघडलं असतं? पण मी म्हटलं, बघा, मला दाखवून दाखवून दुसऱ्याची वाट बघतेय. प्रयोगशाळेत गेलो, सर नुसतं म्हणाले की आलात का राजे, तर मी जर्नल बेसिनमध्ये फेकलं, नळ सोडला आणि कॉलेजातून कायमचा बाहेर पडलो. घरी आजही समजतात की मी सरांमुळे सोडलं.

कार्ड सापडलं त्या दिवशी मला त्यात तेवढा एकच आनंद दिसला, निर्लज्ज आनंद. तिला डावीकडचं दिसतच नव्हतं! तिनं नाही म्हटलंच नव्हतं! ती तिथे थांबून मलाच शोधत होती! मी बावळटासारखा हसत मॅडमच्या खोलीत गेलो आणि कुणाचं नाव न घेता विचारलं, डावा डोळा अधू असला तर माणूस डावीकडे उभं असलेल्याला ओळखणार नाही ना? मॅडम लिहिता लिहिता म्हणाल्या, ओळखेल की. एक डोळा गेला तरी दुसऱ्याला नाकाच्या पलीकडचंही बरंच दिसतं. अगदी कानाच्या रेषेत कुणी असेल तर नाही दिसणार. किती लांब होतं माणूस? मी पायऱ्या सांगितल्या. कुठे उभा होतो, ती कुठून आली, किती पायऱ्या मी तिच्या समोर थोडा डावीकडे होतो. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, अजून काय काय धडकायचं त्या मुलीला? मला वाटलं होतं मला काही आठवणार नाही, आणि मी बोलतच सुटलो. कँटीनमध्ये डाव्या कोपरानं कप पडायचे, तू म्हणायचीस मी वेंधळी आहे. दाराच्या चौकटीला लागून डाव्या मनगटावर निळं पडलेलं असायचं. शेवटच्या सहामाहीत तू जिने कठडा धरून उतरायला लागली होतीस, आधी उड्या मारत उतरायचीस. मॅडम म्हणाल्या, मग हे डाव्या डोळ्याचं नाही. चांगल्या डोळ्याचीही नाकाकडची, म्हणजे डावीकडची कड गेलेली असू शकते. या आजारात बहुतेकदा तिथूनच सुरुवात होते. मी आणखी काही विचारायच्या आत त्यांनी हात पुढे केला. आपल्या यादीतली आहे का? कार्ड दे.

त्यानंतर त्यांनी मला एका अंधाऱ्या खोलीत नेऊन त्या यंत्रापुढे बसवलं, म्हणाल्या, काय शोधायचंय ते आधी स्वतः बघ. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, समोर पांढरा घुमट. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की हातातली कळ दाबायची. नजर हलवायची नाही. पेन्सिल, ते फार सुंदर आहे. धुक्यात बसून एकेक तारा उगवताना बघावा तसं. कुठे खाली डावीकडे, कुठे वर, काही इतके फिके की दिसला का वाटला ते कळत नाही. मी दाबत होतो आणि डोळ्यांत पाणी येत होतं, कारण प्रत्येक ठिणगीला मला वाटत होतं, ही तिला दिसली असती का? ही? आणि ही? शेवटी यंत्रातून कागद आला. माझं आकाश पूर्ण होतं. मला त्याची इतकी लाज वाटली.

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीकडून घेतला. ती अजून माझ्याकडे झुरळाकडे बघावं तसंच बघते. म्हणाली, तुझं प्रेमप्रकरण पोचवायला मी काही टपाल नाही. मी म्हणालो, प्रेम नाही, काम आहे, आणि कसलं ते सांगणार नाही. माझ्या तोंडाकडे बघून तिनं गुपचूप लिहून दिला. त्यामुळे निश्चिंत राहा, तुझ्याबद्दल मी कुणापाशीही एक शब्द बोललेलो नाही. तुझ्या कार्डाचं मामाला ठाऊक आहे, मॅडमना ठाऊक आहे, बस.

आता मागणं. हे पत्र मी तुझी माफी मागायला लिहिलेलं नाही, आणि त्या शुक्रवारचं उत्तर पुन्हा मिळवायला तर मुळीच नाही. मॅडम म्हणतात, जे गेलं असेल ते कुणीही परत आणू शकत नाही, पण जे आहे ते थेंबांनी, लागलंच तर आणखी एका ऑपरेशननं, राखता येतं, आणि वाट बघण्यात एकेक आठवडा जातो. येत्या बुधवारी सकाळी त्यांनी तुझ्यासाठी वेळ ठेवलाय, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली. जुने कागद असतील तर आण, नसले तरी ये. बाहुली मोठी करायचे थेंब घालतील, परत जाताना उजेड खुपेल, तेव्हा आईला सोबत आण, तिला मॅडम ओळखतील. मी बुधवारी गावाबाहेरचे पत्ते मागून घेतलेत, संध्याकाळपर्यंत इमारतीत नसेन, तेव्हा त्या बाबतीत जिवाला घोर नको. आणि एक शेवटचं. राग ओसरल्यापासून मी मनाशी घोकत होतो की मी तुला दिसलोच नसेन. देवाच्या दारात बसावं तसं त्या एका गोष्टीपाशी बसून होतो. आता मी त्याच्या नेमकं उलट मागतोय. त्या दुपारी तुला मी लख्ख दिसलो होतो, गिचमिड केसांचा, घामाघूम, चिठ्ठीवाला मूर्ख, आणि पूर्ण दिसूनही तू मान वळवली नाहीस, तुला नकोच होतो मी, असंच निघू दे. बुधवारी मॅडम सांगू देत की तुझ्या उजव्या डोळ्याला काही झालेलं नाही. माझा नकार त्या कागदावर छापून येऊ दे, मी तो जन्मभर खिशात घालून हिंडेन.

विचारलं नाहीस तरी, अजूनही तुझाच,

भडकू